वाळूजचे माळवद

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे एखादे तीर्थक्षेत्र, गिरिशिखर किंवा समुद्रकिनारा उभा राहतो. गेल्या भाद्रपदात आम्ही ज्या गावी गेलो, तेथे यांपैकी काही नाही. वाळूज हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील, शहरापासून वीस किलोमीटरांच्या आतच वसलेले गाव. आज बाहेरच्या जगास ते कारखान्यांमुळे माहीत आहे. आम्हांस मात्र ते आमच्या थोरल्या चुलत बंधूंच्या, म्हणजे अण्णांच्या, घरामुळे लहानपणापासून परिचयाचे. यंदा तेथे जाण्याचे निमित्त मंगलकार्याचे नव्हते. श्रावणातील एका रात्री त्या घराचे छप्पर बोलू लागले होते, आणि वहिनींनी आम्हांस तातडीने बोलावून घेतले होते. त्या भेटीत व त्यानंतर मार्गशीर्षात झालेल्या दुसऱ्या भेटीत घर राखण्यासंबंधी जे पाहावयास मिळाले, ते वाडवडिलांच्या घरात राहणाऱ्या आणि नवे घर बांधू इच्छिणाऱ्या दोन्ही प्रकारच्या कुटुंबांस उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

पुण्याहून सकाळच्या एस.टी.ने निघालो. अहिल्यानगर मागे पडले, नेवासे फाटा ओलांडला आणि गाडी प्रवरासंगमाच्या पुलावर आली. प्रवरा येथे गोदावरीस मिळते. पैठणच्या जायकवाडी धरणाचे, म्हणजे नाथसागराचे, पाणी मागे येथवर पसरलेले असते. काठावरचे टोके येथील सिद्धेश्वराचे काळ्या पाषाणाचे देऊळ पाहून हात आपोआप जोडले गेले. पूल ओलांडला की मराठवाडा लागतो. दोहों बाजूंस काळीभोर माती, तीत कापूस, तूर व ऊस. जुन्या घरांचे रूपही येथे निराळे दिसते. कोकणात पाऊस धो धो पडतो, म्हणून तेथे उतरती कौले. येथे पाऊस बेताचा आणि ऊन मात्र प्रखर, म्हणून सपाट मातीची माळवदे. लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडे व फळ्या, त्यांवर पाला आणि सर्वांवर गढीची पांढरी माती, अशी ही रचना. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असता माळवदाखालच्या माजघरात निवांत झोप लागते. कुरडया व पापड वाळावयाचे माळवदावर, उन्हाळ्यातील रात्री निजावयाचे माळवदावर, आणि मुलांनी नक्षत्रे ओळखावयाची तीही माळवदावरूनच. आम्हांस सप्तर्षी प्रथम अण्णांनी येथेच दाखविले.

वाळूज आता पुष्कळ बदलले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे आली, १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर ही आसपासची खेडी पाहता पाहता कामगारांच्या घरांनी भरून गेली. महामार्गावर रात्रंदिवस मालमोटारींची रांग असते. परंतु रस्ता सोडून जुन्या गावात शिरले की अरुंद बोळ, दगडी जोती, ढेळजा आणि भिंतींतील देवळ्या अजून दृष्टीस पडतात. अण्णांचे घर अशाच एका बोळात आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा अण्णा ढेळजेत बसले होते. नेहमीप्रमाणे ‘ये, हातपाय धू,’ एवढेच म्हणाले. घडलेली हकीकत वहिनींनी सांगितली. तीन दिवस झड लागली होती. मध्यरात्री नातवाच्या पाळण्यावर माती झरू लागली. प्रथम त्यांस उंदीर वाटला. मग लाकूड कडकडल्याचा आवाज झाला. त्यांनी पाळण्यातील मूल उचलले, सुनेला व मुलीला हाक दिली आणि सर्वांस ढेळजेत आणून बसविले. छप्पर पडले नाही. पण पहाटे दिवा धरून पाहिले, तो माजघराची मधली तुळई चार बोटे खाली वाकलेली होती.

उपायाविषयी घरात दोन पक्ष होते. अण्णा म्हणत, ‘माती वाहून गेली म्हणून गळले. पाऊस उघडला की चार पाट्या पांढरी माती घालू. आमच्या वडिलांनी जन्मभर हेच केले.’ त्यांचा मुलगा कारखान्यात नोकरीस असून त्याने चार वर्षांपूर्वी नव्या वसाहतीत लहानसे घर बांधले आहे. तो म्हणे, ‘हे सगळे पाडू आणि स्लॅब टाकू.’ वहिनींचे म्हणणे दोघांहून वेगळे होते. त्या म्हणाल्या, ‘काय करायचे ते करा, पण त्या खोलीत मी पोराला पुन्हा निजवणार नाही.’

शहरातून एक अनुभवी अभियंता बोलावले. त्यांनी माळवदावर चढून पहारीने एक भोक पाडविले आणि आम्हांस आत पाहावयास सांगितले. मातीचे थर वहीच्या पानांप्रमाणे एकावर एक दिसत होते. कोठे पांढरा, कोठे पिवळसर, मध्ये काळपट पाल्याची रेघ. दरवर्षी ज्येष्ठात नवी माती पडली होती. जुनी मात्र कोणी कधी काढली नव्हती. मापली तेव्हा जाडी दीड फूट भरली.

आम्ही जन्मभर मुलांस गणित शिकविले. पण हे उदाहरण आमच्याच घरावर असून कधी सोडविले नव्हते. माजघर बारा फूट लांब व दहा फूट रुंद. दीड फूट जाडीने मातीचे घनफळ १८० घनफूट झाले. कोरडी माती घनफुटास निदान ४५ किलो धरली, तरी ८,१०० किलो, म्हणजे आठ टनांहून अधिक ओझे त्या एका खोलीच्या छपरावर होते. पावसाने भिजल्यावर ते आणखी वाढते. जाडी अर्धा फूटच असती, तर हेच वजन २,७०० किलो भरते. माळवद गळते म्हणून माती घालावी, मातीने ते जड व्हावे, जड झाल्याने तुळई वाकावी, वाकलेल्या जागी पाणी साचून ते पुन्हा गळावे, असे हे चक्र दोन पिढ्या चालले होते.

हे ओझे काय करू शकते, ते महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून माणसे गाढ झोपली होती. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावेच्या गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांस त्यांच्याच घरांनी गाडले. तेथील जाड दगडी भिंती बाहेरून अभेद्य दिसत. परंतु त्या दोन पदरी असून मध्ये मुरूम व दगडांचा चुरा भरलेला, आणि दोन्ही पदरांस बांधणारे आरपार दगड जवळजवळ नव्हतेच. हादरा बसताच पदर विलग झाले आणि वरचे मातीचे छप्पर खाली आले. याउलट, ज्या घरांत छपराचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता, त्यांपैकी पुष्कळांच्या भिंती ढासळल्या, पण छपरे खांबांवर तगून राहिली व आतील माणसे वाचली.

ही हकीकत सांगून झाल्यावर ढेळजेत कोणी बोलेना. अखेर अण्णा म्हणाले, ‘वडिलांनी स्वतः डोक्यावरून पाट्या वाहून घातलेली माती आहे ती. ती मी काढायची?’ त्यांच्या या प्रश्नास अभियंत्यांजवळ उत्तर नव्हते आणि आमच्याजवळही नव्हते. ते वहिनींनी दिले. त्या म्हणाल्या, ‘मामंजींनी माती घातली ती घर वाचावे म्हणून. आता घर वाचावे म्हणूनच काढायची.’ अण्णांनी मान हलविली, आणि तो विषय तेथेच मिटला.

पावसाळा संपेपर्यंत माळवदास हात लावावयाचा नाही, असे ठरले. तोवर वाकलेल्या तुळईखाली भक्कम टेकू दिले, माजघर बंद केले आणि सर्व मंडळी मुलाच्या नव्या घरी राहावयास गेली. काम मार्गशीर्षात सुरू झाले, तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. त्याचा क्रम येथे थोडा विस्ताराने देतो, कारण अशी घरे अद्याप अनेकांची आहेत.

प्रथम टेकू, मग खोदकाम. माती एकाच बाजूने काढीत जाऊ नये. एका बाजूचा भार उतरून दुसऱ्या बाजूचा तसाच राहिला, तर छप्पर कलते. साऱ्या माळवदावरून सारखा थर उतरवावा, काढलेली माती माळवदाच्याच दुसऱ्या कोपऱ्यात रचू नये, आणि काम चालू असता खालच्या खोलीत कोणी जाऊ नये. लाकूड उघडे पडले की प्रत्येक तुळईची परीक्षा करावी. ती मध्यभागी धडधाकट दिसते. वाळवी व कूज लागते ती भिंतीत दडलेल्या टोकास. तेथे दाभण सहज घुसले, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर ती तुळई बदलावी. आमच्या पाच तुळयांपैकी दोन अशा निघाल्या. वाकलेली तुळई त्यांतच होती.

खांब शाबूत होते. ते व तुळया यांच्या सांध्यांत तिरपे लाकडी धिरे ठोकून घेतले, जेणेकरून हादरा बसल्यास चौकट तिरकी होऊ नये. मागच्या भिंतीस पोट आले होते. तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधला आणि दर हाता-दोन हातांवर आरपार दगड घातले. उरलेल्या भिंतीत साधारण मीटरभर अंतराने आरपार छिद्रे पाडून, त्यांत दोन्ही टोकांस वाकविलेली सळई बसवून काँक्रीट भरले. दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर घरास सभोवार लोखंडी जाळी व सिमेंटची पट्टी दिली. पिंपास जसे कडे, तशी ही पट्टी घरास होय.

माळवदावर फळ्यांवरून जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यावर चुना मिसळलेली सहा इंचच माती घालून चोपली, आणि पाणी पन्हळाकडे धावेल असा उतार दिला. अण्णांनी कोपऱ्यात भिंतीवर सहा इंचांची एक खूण कोरून घेतली. यापुढे जितकी नवी माती घालावयाची, तितकी जुनी आधी खरवडून काढावयाची, असा नियम त्यांनी स्वतःच घालून दिला. साऱ्या घराची मिळून नऊ ट्रॉल्या माती निघाली. ती शेतात पसरावी, असे त्यांनीच सुचविले. गढीची पांढरी माती पिकास मानवते, हे जुन्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. शेवटच्या ट्रॉलीबरोबर ते स्वतः शेतावर गेले आणि तिन्हीसांजा झाल्या तरी परतले नाहीत.

भिंतींच्या गिलाव्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ओल येते म्हणून बाहेरून कमरेइतका सिमेंटचा गिलावा केला होता. ओल त्यामुळे गेली नाही. ती चढून छातीपर्यंत आली आणि आतले पापुद्रे सुटू लागले. मातीत बांधलेली भिंत ओल घेते व हवेत सोडते. तिचे तोंड सिमेंटने बंद केले की आतले पाणी दुसरी वाट शोधते. म्हणून तो गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचा केला. चुना नीट विरवावा, मुरू द्यावा आणि घाई करू नये. चुन्यावर ज्यांचा विश्वास नसेल, त्यांनी शहरातील बीबीचा मकबरा पाहून यावा. दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ इ.स. १६६० च्या सुमारास उभारलेल्या या इमारतीत संगमरवर आहे तो मुख्यतः भिंतीच्या खालच्या भागास व घुमटास. बाकीचा शुभ्रपणा पुष्कळसा चुन्याच्या गिलाव्याचा आहे. मातीच्या गिलाव्यात तंतू मिसळण्याची जुनी रीतही निरर्थक नव्हे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले आढळले, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते, आणि तेथे किडीचा उपद्रव कमी असण्याचे श्रेय संशोधकांनी त्यांस दिले आहे. अर्थात म्हणून कोणी भांग शोधीत फिरू नये; आपल्या घरास गव्हाचे काड पुरे आहे.

इतके झाल्यावर जुने घर सुधारले म्हणून आम्ही निश्चिंत झालो, तोच नव्या घराने आमची फजिती केली. सर्व मंडळी तेथे राहत असल्याने आमचाही मुक्काम तेथेच होता. एके सकाळी चहा घेत असता खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या वर गेलेल्या भेगेकडे आमचे लक्ष गेले. दुसऱ्या खोलीतही तशीच भेग. पुतण्या म्हणाला, ‘काका, ही उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते. दोनदा बुजवली, पुन्हा आली.’ आम्ही खजील झालो, कारण ही जमीन घेताना तिची परीक्षा आम्हीच केली होती.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वास्तुविद्येच्या अध्यायात भूमिपरीक्षेची एक रीत दिली आहे. हातभर खड्डा खणून निघालेल्या मातीनेच तो भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. चार वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या ऐटीने तसा खड्डा खणविला, पाटीभर माती उरली आणि आम्ही जमीन उत्तम ठरविली. त्याच ग्रंथात लगोलग दुसरी परीक्षा सांगितली आहे, ती आम्ही केली नाही. खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले जाऊन परत यावे, आणि पाणी कमी झाले नसेल तर भूमी चांगली समजावी. तो वैशाख होता. काळ्या मातीस भेगा पडलेल्या होत्या. त्यांतून ते पाणी निश्चित नाहीसे झाले असते आणि आम्हांस इशारा मिळाला असता. दोष ग्रंथाचा नव्हे, अर्धा ग्रंथ वापरणाराचा.

काळी माती पाणी पिऊन फुगते व वाळून आकसते. तिच्यावरील हलके घर वर्षातून एकदा उचलले जाते व एकदा खाली बसते, तेही सर्व बाजूंनी सारखे नव्हे, म्हणून भिंती फाटतात. आजच्या अभियंत्यांची परीक्षा शाळेतील मुलासही समजेल इतकी सोपी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापननळ्यांत घालतात. एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरून चोवीस तास ठेवतात. रॉकेलात ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोहोंतील फरक जितका मोठा, तितकी जमीन दगलबाज. आम्ही अंगणातील माती घेऊन तसे केले. रॉकेलात ती दहाच्या खुणेजवळ राहिली, पाण्यात सतराच्या वर चढली. पुतण्याची मुलगी ती नळी हातात घेऊन म्हणाली, ‘आजोबा, माती दूध उतू जाते तशी वर आली!’

बांधण्यापूर्वी हे कळते, तर उपाय होते. काळी माती काढून पाया खालच्या मुरमावर न्यावयाचा. किंवा ती फार खोल असल्यास रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रूढ केलेले, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, माती जेथे फुगत नाही त्या खोलीपर्यंत उतरवावयाचे. बांधलेल्या घरास आता एवढाच उपाय की पायाजवळच्या मातीचा ओलावा बारा महिने शक्य तितका सारखा राखावा. त्याप्रमाणे घराभोवती पाच फूट रुंद फरसबंदी बाहेरच्या बाजूस उतार देऊन केली, गच्चीचे पाणी नळाने दूर नेले, न्हाणीघराची गळकी मोरी बदलली, आणि भिंतीलगत लावलेले कडुनिंबाचे रोप काढून कुंपणाशी नेले. भेगा लगेच बुजवू नका, एक उन्हाळा व एक पावसाळा त्यांवर खूण करून पाहा, मग बुजवा, असे अभियंत्यांनी बजाविले आहे. म्हणून भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आहे. ती पुढे सरकली की नाही, हे आम्हांस पत्राने कळविण्याचे काम त्या मुलीकडे सोपविले आहे.

दोन्ही घरांच्या आजारांत आम्हांस एकच सूत्र दिसले. घर बिघडले की आपण त्यावर काही तरी चढवितो. माती, सिमेंट, रंग, प्रसंगी आणखी एक मजला. पण पुष्कळदा घरास भर नको असते; त्यास ओझे उतरवून हवे असते आणि पाण्यास बाहेर जाण्याची वाट हवी असते. आपल्या माळवदाची जाडी किती, तुळयांची टोके कशी आहेत, अंगणातील पाणी कोठे जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घरच्या कर्त्या माणसास पाठ असावीत. ती नसतील, तर येत्या रविवारी दाभण व मोजपट्टी घेऊन घरभर एक फेरी मारावी, आणि शंका आल्यास जाणत्या अभियंत्यास बोलवावे.

आम्ही निघालो त्या दिवशी मंडळी पुन्हा जुन्या घरी राहावयास आली होती. वहिनींनी देवास नैवेद्य दाखविला आणि पाळणा माजघरात टांगला. मात्र टांगण्यापूर्वी त्या जागेवरच्या तुळईवर मुठीने दोनदा ठोकून आवाज ऐकला. अण्णा दारापर्यंत पोहोचवावयास आले. ‘ज्येष्ठात ये,’ ते म्हणाले, ‘माती खरवडायची आहे.’